दुसऱ्याच कादंबरीकाराची पार्श्वभूमी

नव्वदच्या आसपास उल्हासनगरच्या कॉलेजात एफ.वाय.ला आम्हाला एक जुना इंग्रज कादंबरीकार होता. गिरण्या, धूर, त्यात राबणारी पोरं यांवर लिहिणारा. त्याच्या काळाची ऐतिहासिक पार्श्वभूमी परीक्षेत हमखास यायची, म्हणून कादंबरी कुणी वाचायचंच नाही. आमचे सर तर नाहीच नाही! ते गाइड उघडून नोट्स सांगायचे, आम्ही माना खाली घालून उतरवायचो. स्वल्पविरामसुद्धा सांगायचे, काय ते पांडित्य!

ते गाइड तिथल्याच एका छापखान्यातलं. बांधणीत पानांची अदलाबदल झालेली, त्यामुळे आमच्या कादंबरीकाराच्या नावाखाली भलत्याचीच पार्श्वभूमी आलेली: जमीनदार, त्यांचे बंगले, नाचाच्या मेजवान्या, लग्नाळू मुलींची काळजी. सरांनी तेच सांगितलं. गिरणीचं नावसुद्धा नाही.

अंबरनाथहून माझ्याबरोबर एक मैत्रीण यायची. लहानपणापासून ती आईसोबत घरी कारखान्यातून आलेल्या जीन्सचे सुटे धागे कापायची. आम्ही दोघींनी डिक्शनरी घेऊन ती कादंबरी वाचली होती. ती वर्गात उभी राहिली. "सर, हे त्याचं नाही. त्याच्या वेळी गिरण्या होत्या."

"मॅडम, तुम्ही कधी इंग्लंडला जाऊन आलात?" सर म्हणाले. वर्ग फिदीफिदी हसला. मीही हसले.

एफ.वाय.ची परीक्षा कॉलेजच घ्यायचं, म्हणजे पेपर तपासणारे हेच दीडशहाणे. तिला घरी बजावलं होतं, नापास झालीस तर कॉलेज बंद, जीन्सच्या कारखान्यात शिलाई मशीनवर बसायचं. मी म्हटलं, "अगं, लिही ना सरांचंच, तुझ्या बापाचं काय जातंय?"

"माहीत असून खोटं कसं लिहू? तू पण खरंच लिहिणार ना?"

"हो तर," मी म्हटलं.

आणि पेपरात मी जमीनदारांना यथेच्छ नाचवलं. मेजवानीतल्या मेणबत्त्याही सोडल्या नाहीत.

तिला त्या उत्तराला भोपळा मिळाला आणि ती थोडक्यात नापास झाली. निकालाच्या दिवशी सरांनी माझं उत्तर सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. "याला म्हणतात अभ्यास!" ती शेवटपर्यंत ऐकत उभी होती. भांडली नाही. "छान लिहिलंस गं," एवढंच म्हणाली आणि गेली. पुढच्या सोमवारपासून ती मशीनवर बसली.

सरांना मी आजही मनसोक्त शिव्या देते. पण त्या मूर्ख माणसाने निदान कादंबरी वाचलेली नव्हती. मी वाचली होती.