गाडग्यातली काचेची तार

महादेव गेल्याचा फोन आला तेव्हा मी साताऱ्यात वर्गावर निघालो होतो. आदल्याच दुपारी आम्ही इस्लामपूरच्या स्टँडवर भेटलो होतो. खिशातली इवलीशी काचनळी दाखवत तो म्हणाला, "नवं टोक हाय गड्या. लेप कसा दिला ते पुढच्या आठवड्यात लिहून देतो." आटपाडीची गाडी लागली, तो चढला. सकाळी घरच्या अंगणातच कोसळला... छातीत कळ आली, एवढंच.

तो पदार्थविज्ञान शिकवायचा, मी रसायनशास्त्र. घराणं मेंढरांमागं फिरलेलं, कॉलेज पाहिलेला हा पहिलाच. दोन वर्षांपूर्वी आजारपणात त्याच्या आईंचा वास गेला, चवही गेली. ज्वारीचं पीठ ताकात भिजवायचं आणि नुसत्या वासावर ते आंबील शिजवण्याजोगं आंबलं की नाही हे ओळखायचं, यात गावात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. आता त्या झाकण उघडून गाडग्यापुढं नुसत्या बसून राहायच्या. महादेवला ते बघवेना. टेलिफोनच्या केबलमध्ये असते तशी ऑप्टिकल फायबरची, केसाएवढी तार त्यानं गाडग्यात सोडली. तारेतून उजेड जायचा, टोकावरच्या रंगीत लेपाला भिडून परत यायचा. पीठ आंबेल तसा लेपाचा रंग बदलायचा, परतणारा उजेडही बदलायचा, आणि वेळ झाली की भिंतीवर हिरवा दिवा लागायचा.

मी हसलो होतो. "एका गाडग्यासाठी एवढं?"

"आई बी एकच हाय की रं."

पण लेप महिन्याभरात सुटायचा. त्यासाठी त्यानं मला तीनदा आटपाडीला बोलावलं. तिन्ही वेळा मी परीक्षांचं कारण सांगितलं.

सहा आठवड्यांनी आईंचा निरोप आला, दिवा लागत न्हाई. मी गेलो. त्यानं शेवटच्या रात्री बसवलेल्या नव्या टोकाचाही लेप विरघळून गेला होता. त्याच्या सगळ्या वह्या उलटल्या. आकृत्या होत्या, लेपाची कृती कुठंच नव्हती.

"तुमाला जमंल न्हवं, सर?"

"नाही जमणार, आई."

अंदाजानं शिजवलेली आंबील त्यांनी वाटीभर दिली. इतकी आंबली होती की घशाखाली उतरेना. मी सगळी प्यालो, छान झालीय म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं.

"म्हादू बी असाच प्यायचा, दिवा बसवायच्या आदी. मला काय दिसत न्हवतं व्हय?"

उरलेली आंबील त्यांनी शेळीपुढं ओतली. गाडगं घासलं, दाराबाहेर पालथं घातलं. तार भिंतीवरून मोकळी लोंबत होती, टोकाशी टाचणीएवढा उजेड. तो मालवायला मी बटणाकडं हात नेला.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या, आणि पाठ फिरवून बसल्या.