आत्याने आधी की-बोर्ड घेतला

आमच्या आत्याचं ऑफिस म्हणजे एका कचेरीच्या जिन्याखालची जागा. एक टेबल, एक टाइपरायटर, दोन खुर्च्या, आणि डोक्यावर दिवसभर चढणारी-उतरणारी पावलं. बावीस वर्षं ती तिथे बसून लोकांचे अर्ज टाइप करत होती. नुसत्या पावलांवरून तिला कळायचं, माणूस काम होऊन उतरतोय की न होता. "काम न झालेला शेवटच्या पायरीवर थांबतो," ती सांगायची, "आणि मग माझ्याकडे वळतो."

मी त्या वेळी पाळण्यात होते, त्यामुळे ही गोष्ट माझी ऐकीव आहे. निम्मी आत्याकडून, निम्मी स्क्रूकडून. स्क्रू म्हणजे सुटे भाग जोडून कॉम्प्युटर बनवून देणारा. काम करताना त्याच्या ओठांत कायम एखादा स्क्रू धरलेला असायचा, म्हणून अख्खा बाजार त्याला तेच म्हणायचा. आता तो मोबाइलची कव्हरं विकतो, आणि जुना विषय निघाला की हळवा होतो.

"तेव्हा गिऱ्हाईक येऊन विचारायचं, आत काय काय घालायचं? आता विचारतात, निळ्यात आहे का?"

तर त्या वर्षी जिन्याच्या समोरच एक कॉम्प्युटर सेंटर उघडलं. काचेचं दार, गार हवा, तीन मुली. दोन महिन्यांत आत्याचे अर्ज निम्म्यावर आले. शेवटच्या पायरीवर थांबणारी माणसं आता काचेच्या दाराकडे वळायला लागली. घरी माझ्या बाबांनी, म्हणजे तिच्या धाकट्या भावाने, परस्पर एक सोय लावून टाकली.

"ताई, कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्यांशी बोललोय. काउंटरला बसायचं. खुर्ची आहे, पंखा आहे."

"माझ्याकडेही खुर्ची आहे."

"गिऱ्हाईक आहे का?"

आत्या ताटं घ्यायला उठली.

"दोन महिन्यांनी येणाऱ्या एक तारखेच्या पुढे ते थांबणार नाहीत," बाबा म्हणाले.

आणि नेमके त्याच आठवड्यात मुंग्यांचे सर आले. हे निवृत्त शिक्षक. आयुष्यभर मुंग्यांचा अभ्यास केलेला, आणि त्यावर सहाशे पानांचं पुस्तक हाताने लिहिलेलं. मुंग्यांवर लिहिता लिहिता अक्षरही मुंग्यांसारखं झालं होतं. ते वाचू शकणारी दोनच माणसं, एक सर स्वतः आणि दुसरी आत्या. सरांना स्वतःलाही अधूनमधून आत्याला विचारावं लागायचं.

"पण बाई, प्रकाशक म्हणतात, कागदावर नको. कॉम्प्युटरच्या फ्लॉपीवर द्या."

"मग?"

"मग काय. समोरच्या सेंटरमध्ये विचारून आलो. त्या मुलीने पहिलं पान पाहिलं आणि म्हणाली, काका, याच्यावर शाई सांडलीय."

आत्या हसली नाही. तिने गठ्ठा आपल्याकडे ओढला आणि विचारलं, "कधीपर्यंत?"

"महिनाअखेर. या नाही, पुढच्या."

दुसऱ्या दिवशी ती बँकेतून साठवलेले वीस हजार घेऊन कॉम्प्युटरच्या बाजारात गेली. तयार कॉम्प्युटर त्यात येत नव्हता. सुटे भाग घेऊन जोडून घेतला तर येईल, असं कुणीतरी सांगितलं होतं. स्क्रूचं दुकान पहिल्या मजल्यावर, एका अरुंद बोळकांडीत. टेबलावर हिरव्या पाट्या, वायरींचा गुंता, उघडी कॅबिनेटं.

"या मावशी, काय हवंय?"

"मावशी म्हणू नकोस. मावशी म्हटलं की भाव वाढतो."

"बरं, बाई. काय हवंय?"

तिने पर्समधून यादी काढली. टाइप केलेली, कार्बन घालून तीन प्रती. एक त्याला, एक स्वतःला आणि एक फाइलला. यादीत कॉम्प्युटरच्या भागांची नावं होती, आणि प्रत्येक नावापुढे एकच प्रश्न: हे नसलं तर काय अडतं?

स्क्रू सांगतो, असं गिऱ्हाईक त्याने त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. माणसं विचारायची, यात आणखी काय टाकता येईल. ही विचारत होती, यातून काय काढता येईल.

"हा प्रोसेसर. कॉम्प्युटरचा मेंदू. हा नवा आलाय, एकदम वेगवान."

"मी मिनिटाला साठ शब्द टाइप करते. त्याला त्याहून जास्त वेग लागतो?"

"बाई, तो सेकंदाला लाखो गोष्टी करतो."

"मला एकच करायचीय. याच्याखालचा दाखव."

प्रोसेसर खालचा आला. साउंड कार्ड? काढ, मला गाणी ऐकायची नाहीत. स्पीकर? ते तर गेलेच. सीडी? काढ. हार्ड डिस्क?

"ही काढली तर लिहिलेलं राहणार कुठे, बाई?"

"मग ती राहू दे. आणि मॉनिटर?"

"हा पंधरा इंची..."

"मी टाइप करताना कागदाकडे बघते. वर बघतच नाही. वापरलेला नाही का एखादा?"

वापरलेला एक होता, डाव्या कोपऱ्यात पिवळट पडलेला. तो यादीत बसला. स्क्रूने हिशेब केला, पैसे पुरून थोडे उरत होते. त्याने आनंदाने सांगितलं, उरलेल्यात मेमरी दुप्पट टाकू, बाई, मशीन अडकणार नाही. आणि बोलता बोलता खोक्यातून एक की-बोर्ड काढून भागांच्या ढिगावर ठेवला. "हा आपला असाच घ्या. सगळ्यात स्वस्त."

आत्याने पर्स बाजूला ठेवली, की-बोर्ड पुढ्यात घेतला, डोळे मिटले आणि दोन ओळी टाइप केल्या. कशालाही न जोडलेल्या की-बोर्डवर. बोळकांडीतली दोन-तीन डोकी आत डोकावली.

"हे काय आहे?" ती डोळे उघडून म्हणाली. "चहात बुडवलेल्या बिस्किटावर बोट ठेवल्यासारखं वाटतंय. अक्षर उमटलं की नाही, हे कळायचं कसं?"

"मॉनिटरवर दिसतं ना."

"मी वर बघत नाही, हे आत्ताच सांगितलं ना तुला?"

मग त्याने दुसरा दाखवला. तिसरा. शेजारच्या दुकानातून चार आणले. आत्या प्रत्येकावर तेच दोन ओळींचं पत्र टाइप करत होती आणि मान हलवत होती. अकरावा की-बोर्ड कुणी शोधला यावरून दोघांचं आजही एकमत नाही. तो माळ्यावर होता, एका बँकेच्या भंगारातून आलेला, विटेसारखा जड. आत्याने दोन बोटं ठेवली आणि खटखट असा आवाज झाला. बोट खाली जाताना एक खट, वर येताना एक.

"हा."

"बाई, हा भंगारातला आहे, पण असे मिळत नाहीत आता. महाग पडेल. याची पिनही जुनी, जोडायला वेगळा तुकडा लागेल. मेमरी निम्मी करावी लागेल."

"कर."

"अहो, नाकापेक्षा मोती जड होतोय."

"माझं सगळं पोट या मोत्यावर आहे. तू मेमरी निम्मी कर."

कॉम्प्युटर आमच्या बाहेरच्या खोलीत, खिडकीजवळ लागला. स्क्रूने तो जोडून दिला, चालू-बंद कसा करायचा, फाइल साठवायची कशी, एवढं दाखवलं आणि गेला. खरी अडचण दुसऱ्याच दिवशी आली. टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते, मग डाव्या हाताने दांडा ढकलला की कागद पुढच्या ओळीवर येतो. इथे घंटीही नव्हती आणि दांडाही नव्हता. पहिल्याच सकाळी सवयीने तिचा डावा हात वर गेला आणि मॉनिटरशेजारचा चहाचा कप थेट खिडकीबाहेर गेला. खाली कुणी नव्हतं, एवढं नशीब.

"ताई, बशी राहिलीय," आई म्हणाली, "तीही द्यायची का?"

आत्याने त्यावर उपाय काढला. घंटी नाही ना, मग मोजायचं. एका ओळीत पासष्ट अक्षरं. मनात आकडा पुढे जात राही आणि पासष्टच्या आसपास, शब्द न मोडता, उजव्या करंगळीने एंटर. परिच्छेद संपला की दोनदा एंटर. बावीस वर्षं दांड्याचाही हाच नियम होता. सहाशे पानांत एकदाही तो चुकला नाही. घरात तो खटखटाट इतका एकसारखा चाले की मला म्हणे त्याच आवाजात झोप लागायची. तो थांबला की मी रडायचे, मग आई ओरडायची, "ताई, थांबू नका, ती उठली."

मुदतीच्या चार दिवस आधी, शुक्रवारी, फ्लॉप्या प्रकाशकाकडे गेल्या. संध्याकाळी शेजाऱ्यांकडे फोन आला. तिथे छपाईसाठी पानं लावणारा माणूस होता, तो बोलत होता.

"बाई, हे काय करून ठेवलंय तुम्ही? ओळी सगळ्या तुटल्यात."

"तुटल्यात म्हणजे?"

"पुस्तकाचं पान तुमच्या ओळीपेक्षा अरुंद आहे. प्रत्येक ओळीचे शेवटचे दोन शब्द खाली पडतायत, आणि त्यांच्यापुढे अर्धी ओळ मोकळी. कॉम्प्युटर ओळ स्वतःच वळवतो, बाई. एंटर फक्त परिच्छेदाला मारायचा असतो. तुम्ही प्रत्येक ओळीला मारलाय. साहेब म्हणाले, सोमवारी तुमच्या समोरच्या त्या सेंटरला देऊन नव्याने करून घेऊ. वाचून दाखवायला सर बसतील."

आत्याने फोन ठेवला. आईला म्हणाली, "चहा नको." एवढंच.

तिने दुसऱ्या सकाळी पहिल्या पानापासून सुरुवात केली. ओळीच्या शेवटी जायचं, एंटर पुसायचा, एक जागा सोडायची, पुढची ओळ. दुपारपर्यंत अठ्ठावीस पानं झाली. बाबा ऑफिसातून आले, तिच्या मागे उभे राहिले आणि सहाशेला अठ्ठावीसने भागून बघितलं. ते म्हणाले, "ताई, मेडिकलवाल्यांना..." आणि वाक्य तिथेच सोडून आत गेले. बाबांनी वाक्य अर्धवट सोडलं, म्हणजे त्यांनाही वाईट वाटलं होतं.

स्क्रूला आईने बोलावलं. आत्याने नाही. तो आला, खुर्ची ओढून बसला, ओठांतला स्क्रू काढून खिशात टाकला.

"बाई, परिच्छेद संपल्यावर काय करता?"

"दोनदा एंटर."

"दरवेळी?"

"दरवेळी म्हणजे काय? मग काय कधी दोनदा आणि कधी तीनदा?"

"कधी विसरलात? घाईत एखाद्या वेळी?"

तिने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने पुढचा प्रश्न गिळला.

"आणि शब्द कुठे मोडलाय का? अर्धा या ओळीत, अर्धा त्या?"

"शब्द मोडायचा नसतो. ओळ आखूड राहिली तरी चालेल."

स्क्रू हसायला लागला. "बाई, चूक करावी तर तुमच्यासारखी." मग त्याने समजावलं. जोडीने आलेले एंटर म्हणजे परिच्छेद. कॉम्प्युटरला सांगायचं, जिथे जिथे जोडी दिसेल तिथे एक खूण ठेव. मग उरलेले सगळे एकटे एंटर म्हणजे नुसत्या ओळी. ते सगळे पुसून तिथे एकेक मोकळी जागा टाक. मग खुणेच्या जागी परत एंटर. तीन हुकूम. "तुम्ही एका ठिकाणी जरी गडबड केली असती ना, तर मला भरवसा नसता. पण तुम्ही सहाशे पानं एकाच पद्धतीने चुकलात."

"मग कर."

त्याने अख्ख्या पुस्तकाला हुकूम दिला आणि मशीन गोठलं. काही म्हणजे काही हलेना.

"निम्मी मेमरी," स्क्रू म्हणाला.

"बोलू नकोस."

"मी कुठे काय बोललो?"

मग एकेक प्रकरण वेगळं काढून केलं. एका प्रकरणाला वीस-पंचवीस मिनिटं. प्रकरणं चोवीस. मशीन गुरगुरत बसायचं आणि ही दोघं त्याच्यासमोर, दवाखान्यात बसावं तशी. मधे वेळ घालवायला तो तिला कोणता भाग काय करतो ते सांगायचा आणि ती त्याला मुंग्यांचं सांगायची. स्क्रूला आजही माहीत आहे की मुंग्या आपल्या मेलेल्यांना वारुळाबाहेर नेऊन टाकतात. मुंग्यांच्या मापांचे अकरा तक्ते मात्र त्या हुकुमांत विस्कटले. ते आत्याने रविवारी हाताने पुन्हा बसवले.

सोमवारी ती स्वतः गेली. पानं लावणाऱ्याने पहिली फ्लॉपी घातली, पान अरुंद केलं. ओळी वळल्या. रुंद केलं. परत वळल्या. तो बराच वेळ रुंद-अरुंद करत राहिला, पोरं दार उघड-बंद करतात तसा. मग आत गेला आणि प्रकाशकाला घेऊन आला. प्रकाशकाच्या हातात आणखी एक हस्तलिखित होतं, डाग पडलेलं, एका डॉक्टरांचं.

"हे वाचता येतंय का बघा, बाई."

तिने पान डोळ्यांजवळ नेलं. "येतंय. ओळ किती अक्षरांची ठेवू?"

"ओळीचं तुम्ही बघू नका आता. ती आमच्याकडे ठरेल."

काम मिळालं, तरी तेवढं एक वाक्य तिला लागलं. बावीस वर्षं ओळ कुठे संपणार, हे तिने ठरवलं होतं. मोठ्या साहेबांच्या पत्रातसुद्धा. "सोप्पं झालं गं," ती म्हणते, "पण सगळी एकच लांबच लांब ओळ झाली. मधे श्वास घ्यायला जागा नाही."

येताना ती कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये शिरली. मालक म्हणाले, "या, या. तारीख जवळ आली. सकाळचे नऊ जमतील ना?"

"मी येत नाही. काम आलंय."

"किती दिवसांचं?"

"हे दोन महिन्यांचं. पुढचं माहीत नाही."

"मग मी दुसरं माणूस बघतो बरं का, बाई. नंतर म्हणाल."

"बघा," आत्या म्हणाली, आणि काउंटरच्या अलीकडेच उभी राहून पर्स उघडली. "मानेला लावायचं काहीतरी द्या. आता ओळ मोजायची नाही, म्हणजे सारखं वर मॉनिटरकडे बघावं लागणार."