उर्दू आकड्यांची डायल

१४ मार्च १९५३. त्या दिवशी भुजंगने नवीन जालन्यातल्या दुकानातून कापसाचे दलाल काकासाहेब यांना एक जुने मनगटी घड्याळ एकशे पंचाऐंशी रुपयांना विकले. दुपारच्या आत ही बातमी जुन्या जालन्यात वामनच्या कानावर आली. वामनची महिन्याची कमाईही तेवढी होत नसे.

वामन घड्याळ दुरुस्तीत मुरलेला. भुजंग अंबडहून आलेला, कालचा पोरगा. पण त्याच्या दुकानाला काचेचे कपाट होते, गिऱ्हाइकाला चहा मिळत होता. स्टेशनकडे जाताना त्याच्या दारात किती सायकली लागल्यात हे पाहिल्याशिवाय वामनला राहवत नसे.

दुसऱ्या दिवशी काकासाहेब तेच घड्याळ घेऊन वामनकडे आले.

"जावयाला द्यायचंय, वामनराव. डायल असली हाय का रंगवलेली, एवढं सांगा."

"भुजंग काय म्हणून राह्यला?"

"असली म्हणतो. पण तो विकणारा. तुमचा शब्द बराबर."

निजामाचे राज्य गेल्यावर पुष्कळांनी घड्याळांचे उर्दू आकडे पुसून हैदराबादेत इंग्रजी काढून घेतले होते. तशा घड्याळाला निम्मी किंमत येई. या डायलवर उर्दू आकडे जसेच्या तसे होते. वामनने डायल काढून भिंगाखाली धरली. सेकंदाच्या छोट्या वर्तुळातल्या केसासारख्या रेषा उठून दिसत होत्या. नवा रंग चढला असता तर त्या बुजल्या असत्या. रंगारी डायलच्या पाठीवर आपली खूण ओरखडून ठेवतात, तीही नव्हती. डायल कारखान्यातून निघाली तशीच होती.

इतकी चोख वस्तू इतक्या वर्षांत त्याच्या टेबलावर आली नव्हती, आणि आली तीही भुजंगची होऊन.

"रंगवलेली हाय," तो म्हणाला.

"काय सांगता!"

"विलायतेच्या कारखान्याला उर्दू कुठून येणार, काकासाहेब? मागून काढलेत आकडे."

हैदराबादच्या व्यापाऱ्यांच्या मागणीवरून कारखाने असे आकडे छापून देत, हे वामनला पक्के ठाऊक होते. काकासाहेबांना ठाऊक नव्हते. ते तडक भुजंगकडे गेले. आता दुकानात बाचाबाची होईल, बाजारभर बोभाटा होईल, या आशेवर वामन संध्याकाळपर्यंत बसून राहिला.

बाचाबाची झालीच नाही. "वामनराव बोलले का? मंग रंगवलेलीच असंल. त्यांच्या नजरेपुढं माझी काय नजर!" असे म्हणून भुजंगने सगळी रक्कम परत केली. काकासाहेबांनी ही गोष्ट अडतीवर, चहाच्या टपरीवर, जिथे बसतील तिथे सांगितली. भुजंगने ते घड्याळ डायल रंगवलेली आहे असे सांगून नव्वदला विकले, आणि त्याच्या दारात सायकली वाढल्या.

"शेजारचे रामकिसनभाऊजी पण तिकडंच गेल्ते म्हणं," वामनची बायको द्वारकाबाई जेवताना म्हणाली. "म्हणून राह्यले, असा सरळ दुकानदार न्हाई. तुम्हीच मोठा केला बघा त्याला."

खरे सांगून टाकावे असे एकदा वामनच्या मनात आले. पण मग सरळपणाबरोबर भुजंगची नजरही खरी ठरली असती. त्याने आणखी अर्धी भाकरी मागून घेतली.

डायल तपासण्याचे अडीच रुपये काकासाहेब उद्या देतो म्हणाले होते. ते पैसे अजून येणे आहेत.