अंगठे चाळीस, गाडी एकबी न्हाय

कॉलेजच्या खो-खो संघावर दिवसरात्र चर्चा करणाऱ्या ग्रुपवाल्यांनो, आज मान खाली गेली माझी.

महिनाभर आपलं एकच चाललंय, जांबोटीची सुजाता आपल्याच संघात आली पाहिजे. काल मी लिहिलं, "निवडीला पोरगी बसनं दमून येईल. सकाळी कुणीतरी गाडीवरनं आणा रं." चाळीस अंगठे आले. मी खुशाल तिला फोन केला, "थांब, माणूस येतोय."

कुणीच गेलं न्हाय. आपल्या भरवशावर तिनं सहाची बस सोडली. पुढच्या बसनं बेळगावात पोचली तवर निवड संपलती.

"सहाची बस सोडायला नको होती, अण्णा," एवढंच म्हणाली.

चाळीस जणांत कुणाचीच गाडी मोकळी न्हवती व्हय? माझी तर सकाळभर दारातच उभी होती.