जुईचा सोआस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण शेवटाला पोचेपर्यंत तुम्हीसुद्धा माझ्यासारखे गप्प व्हाल. शहाणपणानं गाढवपणा कसा करावा, हे कोणाला शिकायचं असेल तर वणीला या. माझ्या घरी. चहा मी करते.

पोळ्याच्या आधीचा आठवडा मी धड झोपले नाही. का? तर माझी जुई, वय वर्षं सहा, अचानक वाकडी चालायला लागली. कमरेत पुढे झुकलेली, एक हात कंबरेवर, पाऊल पुरतं न उचलता सरपटल्यासारखं पुढे. चार पावलं अशी चालायची, मग हळूच सरळ व्हायची.

"जुई, दुखतं का गं?"

"नाही."

"मग अशी का चालतेस?"

"असंच."

आता सांगा, 'असंच' या उत्तरावर कुठल्या आईला झोप लागेल?

मी घरी बसून एका कंपनीचं कॉम्प्युटरचं काम करते. म्हणजे दिवसभर खुर्ची, आणि समोर इंटरनेट. काम बाजूला ठेवलं आणि शोधायला बसले. वाचता वाचता मला तो सापडला. सोआस! नाव असं, जणू कोणी उसासा टाकतंय.

हा स्नायू म्हणे कमरेच्या मणक्यांच्या दोन्ही बाजूंनी निघतो. पोटाच्या आत, आतड्यांच्या मागून खाली उतरतो. वाटेत कमरेच्या हाडाच्या खोलगट भागातून त्याचा एक भाऊ येऊन मिळतो, आणि दोघं मिळून जांघेच्या पुढून जाऊन मांडीच्या हाडाला आतल्या बाजूनं चिकटतात. पायरी चढताना मांडी वर उचलायची, निजलेल्या माणसाला उठवून बसवायचं, चालताना मागचा पाय पुढे आणायचा, ही सगळी याची कामं. आणि दिवसभर बसून राहिलं की हा आखूड होतो. कासरा आखडून धरला की बैलाची मान जशी वळते, तसा हा आखडला की माणूस कमरेतून पुढे ओढला जातो.

दिवसभर बसून! मी टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीसमोर फतकल मारून बसलेल्या जुईकडे पाहिलं. झालं निदान.

तिथंच एक घरगुती तपासणीही दिली होती. पलंगाच्या काठाशी उताणं निजायचं, एक गुडघा छातीशी घट्ट धरायचा, दुसरी मांडी सैल सोडायची. ती खाली टेकली तर ठीक. अधांतरी राहिली तर सोआस आखडलेला.

जुईला दिवाणावर आडवं केलं. मांडी जराशी वर आली.

"अगं बाई!" मी किंचाळले.

जुईला गंमत वाटली. पुढच्या वेळी मांडी वीतभर वर. माझा हात छातीवर गेला. त्याच्या पुढच्या वेळी तर पायच छताकडे! मी जितकी घाबरत होते, तितकी तिची मांडी वर चढत होती. यातला संबंध माझ्या डोक्यात आला का? नाही आला. दोन पदव्या आहेत हो माझ्याकडे.

सासूबाई दारात बसून तूर निवडत होत्या. म्हणाल्या, "काहून पालथं-उताणं करून राह्यली व लेकराले?"

"आई, हिचा स्नायू आखडलाय."

"खेळून राह्यली ते! काल पेरूच्या झाडावर चढली होती."

"चढताना दुखलंच असेल. मुलं दुखणं लपवतात, असं लिहिलंय."

सासूबाईंनी तुरीतला एक खडा उचलून बाहेर फेकला. माझ्याकडे बघतच फेकला.

चंद्रपूरला एक फिजिओथेरपीवाल्या मॅडम आहेत, असं कळलं. फोन केला. लवकरात लवकर वेळ मिळाली ती नेमकी तान्ह्या पोळ्याच्या दिवसाची, दुपारची. आता आमच्याकडे तान्हा पोळा म्हणजे काय, हे बाहेरच्यांना सांगायला हवं. पोळा मोठ्यांचा, खऱ्या बैलांचा. दुसऱ्या दिवशी लेकरांचा. चाकांवरचा लाकडी बैल सजवायचा, दोरीनं ओढत मैदानात न्यायचा, संध्याकाळी तिथं बांधलेलं आंब्याच्या पानांचं तोरण तोडलं की घरोघरी फिरून बोजारा मागायचा, म्हणजे खाऊ. शिवाय लेकरं वेष करून येतात. कोणी शेतकरी, कोणी पोलीस. आमच्या जुईचाही काहीतरी वेष ठरला होता, पण तो ती घरात कोणालाच सांगत नव्हती.

मी म्हटलं, चारपर्यंत परत येऊ. तोरण काय, सहाला तुटतं.

"मले नाही जायचं! मले नाही दुखत!" जुई दाराला धरून रडली.

"सगळे पेशंट असंच म्हणतात, बाळा."

हे वाक्य आठवलं की आजही जीभ चावावीशी वाटते. शेवटी ती बैल मांडीवर घेऊन बसमध्ये बसली. त्याला तिनं माझ्या जुन्या ब्लाऊजपीसची झूल घातली होती. रस्ताभर ती माझ्याशी बोलली नाही, बैलाशीच बोलली.

मॅडम तरुण होत्या, हसऱ्या. त्यांनी जुईला टेबलावर निजवलं, गुडघा छातीशी धरला. दुसरी मांडी अलगद खाली टेकली. जागेवर गुडघे उचलायला लावले. उड्या मारायला लावल्या. पायरी चढायला लावली.

"हिचा सोआस लोण्यासारखा आहे," मॅडम म्हणाल्या. "काहीसुद्धा झालेलं नाही."

"पण मॅडम, चाल! तुम्ही तिची चाल बघा ना!"

"बेटा, घरी चालतेस तसं चालून दाखव."

जुईनं माझ्याकडे पाहिलं. "दाखवू? पण ते सिक्रेट आहे."

"दाखव," मी म्हटलं.

आणि ती चालली. एक हात कंबरेवर, पुढे झुकून, पाय सरपटत. दोन पावलांवर कण्हली, "आई गं, कंबर!" मग मान वळवून ओरडली, "जुई, तो मोबाईल ठेव आधी!"

दार उघडंच होतं. बाहेर बाकावर बसलेले पेशंट, गुडघेवाले, मानवाले, सगळे फिस्सकन हसले.

"कोणासारखं चालून राह्यली गं?" मॅडमनी विचारलं.

"आईसारखं. आज तान्ह्या पोळ्यात मी आई होणार होती."

"मी? मी अशी चालते?" मी ताडकन उठायला गेले. ताडकन कुठलं हो! हात आपोआप कंबरेवर गेला, धड पुढे झुकलं, दोन पावलं सरपटले, आणि मग कुठं सरळ झाले. बाहेरून कोणीतरी टाळी वाजवली.

मॅडमनी हसू आवरत टेबलावर थाप मारली. "या ताई. पेशंट बदलला."

मी उताणी निजले. एक गुडघा छातीशी धरला. दुसरी मांडी? अधांतरी! तिच्याखालून मांजर गेलं असतं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्चीत बसायचं, आणि उरलेल्या वेळात, अजून बसून, लेकीच्या बसण्याबद्दल वाचायचं. आखडेल नाही तर काय? मॅडमनी व्यायाम दाखवले. एक गुडघा जमिनीवर टेकून, दुसरा पाय पुढे ठेवून कंबर हळूहळू पुढे न्यायची. मी सगळं मान खाली घालून शिकले.

इथवर गोष्ट हसण्याची आहे. पुढची नाही.

येताना कोळशाचे ट्रक लागले. या रस्त्यानं तुम्ही आला असाल तर जास्त सांगायला नको. एक ट्रक आडवा बंद पडलेला, मागे पुढे नजर पोचेल तिथवर ट्रकच. बस जागची हलेना. जुई खिडकीला नाक लावून बसली होती. बाहेर ऊन उतरत गेलं. ती एकदाही "कधी पोचणार?" म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

मैदानात पोचलो तेव्हा तोरण तुटलं होतं. आंब्याची पानं तुडवलेली, लेकरं पांगलेली. शेजारच्या मंदाकाकू नातवाचा बैल काखेत घेऊन निघाल्या होत्या.

"काहून व, उशीर केला? हिनं गुपचूप माह्याकडून नाव लिहून घेतलं होतं, ते माईकवर पुकारलं ना. 'जुई, आईच्या वेषात.' सारे वाट पाहून राह्यले होते."

काकू गेल्या. मैदानात आम्ही दोघी आणि तो लाकडी बैल. मी तिच्यासमोर खाली बसले. म्हणजे कंबर धरून, कण्हत.

"जुई, चुकलं गं माझं. तू सांगत होतीस, मी ऐकलंच नाही. आता मी रोज व्यायाम करीन, अगदी सरळ चालीन. आणि पुढच्या वर्षी आपण सगळ्यांच्या आधी येऊ. चालेल?"

तिनं बैलाची झूल नीट केली. मग म्हणाली,

"व्यायाम नको करू ना आई. तू सरळ झाली तं पुढच्या पोळ्याले मी आई कशी बनू?"