डनीशाचे तीन नाश्ते

व्हर्लिन पिकेटनं परीक्षेचा पेपर शाळेच्या फ्रिजमध्ये, स्वतःच्या जेवणाच्या डब्याशेजारी लपवला होता, अशी बातमी इर्मा गेजच्या केशकर्तनालयातून निघाली. दुपारपर्यंत ती टॅलो बेंडभर फिरली आणि संध्याकाळी चर्चच्या पायरीवर पोचेतो डब्यात तळलेली कोंबडीसुद्धा आली. इर्माच्या खुर्चीत बसलं की केस कमी होतात आणि बातम्या वाढतात, हे गावाला ठाऊक आहे.

खरं एवढंच, की पेपर होता, प्लास्टिकच्या पिशवीत बंद होता, आणि होता तो नर्सच्या कपाटात. त्याला वास येत होता. त्याचंही कारण व्हर्लिनच.

व्हर्लिन एकतीस वर्षं तिसरीला शिकवत होती. स्वतः त्याच शाळेत शिकलेली, नवरा एमस गेल्यापासून त्याच शाळेशी लग्न लावल्यासारखी. दोन वर्षं शाळा राज्याच्या परीक्षेत नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली तर कुलूप लागणार, आणि सहा-सात वर्षांची पोरं रोज सव्वीस मैलांवर बसनं जाणार. मुख्याध्यापक रटलिज यांनी फळ्यावर हिशेब लिहिला होता: तिसरीत चोवीस मुलं, पास व्हायला हवीत सतरा. सोळा नक्की होती. सतरावी डनीशा.

डनीशा म्हणजे हुशार आणि घाबरट पोर. व्हर्लिननं तिला जानेवारीपासून शाळा सुटल्यावर रोज तासभर बसवलं होतं. "बाई, मला परिच्छेद कळतो, पण घड्याळाकडे बघितलं की तो पळून जातो," ती म्हणायची.

"मग घड्याळाकडे बघू नकोस, बाळा. माझ्याकडे बघ."

"तुमच्याकडे बघितलं की जास्तच भीती वाटते."

परीक्षेच्या आठवड्यात व्हर्लिननं वर्गाच्या भिंती तपकिरी कागदानं झाकल्या, कारण नियमानं एक अक्षरसुद्धा दिसता कामा नये. मुळाक्षरांचा तक्ता गेला, पाढे गेले, अगदी 'हात धुवा' हीसुद्धा पाटी गेली. मग तिनं घरोघरी चिठ्ठ्या पाठवल्या: लवकर झोपवा, पोटभर नाश्ता द्या. चिठ्ठीवर भरवसा नव्हता म्हणून चर्चच्या बायकांना शाळेच्या फाटकाशी टेबल लावायला सांगितलं. त्यांच्यावरही भरवसा नव्हता म्हणून शाळेच्या खानावळीत सगळ्यांना खायला घालायची सोय केली.

सगळ्यांनी तिचं ऐकलं. हीच तर चूक झाली.

डनीशाच्या आजीनं पहाटे लोणी घातलेली मक्याची लापशी आणि दोन अंडी खाऊ घातली. फाटकाशी चर्चच्या सिस्टर मॅटीनं सॉसेज भरलेला पाव हातात कोंबला आणि समोर उभं राहून संपवून घेतला: "खा गं, शाळा तुझ्या पोटावर उभी आहे!" खानावळीत पाकातले पॅनकेक. शेवटी व्हर्लिननंच एक पेपरमिंटची गोळी दिली, बुद्धी ताजी राहते म्हणून. डनीशा कुणालाच नाही म्हणाली नाही. सतरावी होती ना ती.

पन्नासातले एक्केचाळीस प्रश्न झाले आणि पोरीनं खाल्लेलं सगळं प्रश्नपुस्तिकेवर ओकून टाकलं.

मग मागच्या बाकावरून: "बाई, आपण हरलो का?"

"खाली बघून लिही," व्हर्लिन म्हणाली.

राज्याकडून आलेली तपासनीस मिस कोल्बर्न नियमावली चाळत बसली. नियम होता: तब्येत बरी असेल तर मूल उरलेले प्रश्न त्याच दिवशी सोडवू शकतं. पण झालेली उत्तरं कोऱ्या पुस्तिकेत शिक्षकानं उतरवायची, तपासनिसानं समोर बसून पाहायची. घाण झालेली प्रत बंद करून राज्याला परत. एकही पान हरवता कामा नये, सॉसेजच्या तुकड्यासकट.

तर नर्सच्या खोलीत व्हर्लिन, रबरी हातमोजे, चिमटा, आणि दोन पुस्तिका. डनीशा बाहेर, कुणाचा तरी खेळाचा सदरा घालून, भिंतीला डोकं टेकवून रडत होती. मिस कोल्बर्न तिसऱ्या पानापर्यंत टिकली. मग तोंडावर हात दाबून खिडकीकडे पळाली आणि डोकं बाहेर काढून उभी राहिली.

"मी ऐकतेय," ती बाहेरूनच म्हणाली. "करत राहा."

डनीशानं उत्तरासाठी पेन्सिलीनं रंगवलेला एकेक काळा गोळा व्हर्लिन उतरवत होती. सतरावा बरोबर. अठरावा बरोबर. तेविसावा चूक. 'परिच्छेदाचा मुख्य आशय कोणता?' हा प्रश्न तिनं या पोरीकडून चाळीस वेळा तरी करून घेतला होता. तिसावा आणि एकतिसावाही चूक. तिनं मनात बेरीज केली. मग पुन्हा केली. पेन्सिल हातात होती. खिडकीतल्या बाईची पाठ इकडे होती. योग्य गोळा तर शेजारीच होता.

तिनं पेन्सिल खाली ठेवली, मोजे काढले, कपाळ पुसलं. "देवा," ती पुटपुटली, "ही बाई तिकडे तोंड करून उभी आहे, तूही जरा तिकडे बघ." देवानं कुठं बघितलं कुणास ठाऊक. व्हर्लिननं मोजे पुन्हा चढवले आणि तेविसावा चूक होता तसा चूकच उतरवला. तीस चूक. एकतीस चूक. मिस कोल्बर्ननं न बघताच सही केली.

दुपारी डनीशानं उरलेले नऊ प्रश्न सोडवले.

मे महिन्यात निकाल आला. सोळा. डनीशा दोन गुणांनी राहिली. जूनमध्ये राज्याची माणसं आली, बाकं मोजली, फाटकाला साखळी घातली. व्हर्लिन त्या दिवशी गाडीत बसून राहिली. चावी फिरवायला तिला अर्धा तास लागला.

आणि इर्मा ती इर्माच. मिस कोल्बर्नच्या चुलतबहिणीकडून तिला खिडकीची हकीकत कळली होती. शनिवारी भरल्या दुकानात, ड्रायरखाली बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं ती म्हणाली, "दोन गोळे, व्हर्लिन! फक्त दोन! शाळा वाचली असती, पोर पास झाली असती, आणि ती बाई खिडकीतून ओकत होती! तुला झालं होतं तरी काय?"

व्हर्लिननं डोक्यावरचा टॉवेल काढून मांडीवर घडी करून ठेवला.

"आणि माझ्या गोळ्यांवर पोर चौथीत गेल्यावर परिच्छेद वाचून दाखवायला तिच्याशेजारी कोण बसलं असतं, इर्मा? तू?"