ताट पुढे सरकेना

मुलुंडचे निवृत्त फौजी हवालदार सहदेव परब पहिल्या रांगेत ताठ बसले होते, पण आतून नुसते धुमसत होते. समोर व्यासपीठावर स्थानिक पुढाऱ्याचा हसरा बॅनर, आणि टेबलावर शालींची चळत, बाजूला ओवाळणीचं ताट. दर प्रजासत्ताक दिनाला त्यांच्या माजी सैनिक मंडळाच्या पदरात एवढंच पडे: शाल, नारळ आणि फोटो!

एके काळी काय रुबाब होता या मंडळाचा! सगळी कोकणातली माणसं. दरवर्षी मैदानात दशावतार रंगायचा. सहदेव संकासुराचं सोंग घ्यायचे आणि आरतीचं ताट घेऊन प्रेक्षकांत उतरायचे. गिरणीवाले, कोळणी, दुकानदार, कुणी हात आखडता घेत नसे. त्या ताटावर किती विधवांची चूल पेटली, किती मुली शिकल्या! मग गिरण्या बंद पडल्या, सोंगं घेणारे एकेक करून गेले, मैदानावर टॉवर आला. पुढारी म्हणाला, "काका, आता खेळ कशाला? आम्ही आहोत ना!" मंडळाने ऐकलं, तिथेच वाट लागली. कपाट शालींनी भरलं, गल्ला कोरडा पडला.

शेजारी रामनाथ बसला होता. सुरुंगात त्याचा पाय गेला, तेव्हापासून कृत्रिम पाय मंडळच बसवून देई. आताचा तडकलेला पाय मात्र दोरीने आवळला होता. नव्यासाठी मंडळाकडे छदाम नव्हता.

सहदेवांचं नाव पुकारलं गेलं. पुढाऱ्याच्या हातून शाल खांद्यावर पडली, तसं त्यांनी ओवाळणीचं ताट उचललं आणि त्याच्यासमोर धरलं.

"साहेब, रामनाथच्या पायासाठी."

"काका, उद्या ऑफिसात या ना. बघू."

"वर्षभर येतोय! आमच्या खेळात पहिल्या माणसाने काही टाकल्याशिवाय ताट पुढे सरकत नाही."

सहदेव जागचे हलेनात. तेवढ्यात मागून मासळीवाल्या सुगंधाबाई कडाडल्या, "टाक ना रे दादा! बॅनरला बरे पैसे असतात तुझ्याकडे!"

हशा पिकला. पुढाऱ्याने लाल चेहऱ्याने खिसा ताटात रिकामा केला. मग ताट जे खाली उतरलं, ते शेवटच्या रांगेपर्यंत फिरून जड होऊन आलं.

"पुढच्या वर्षी तुका बोलवूचे नाय हां," रामनाथ हळूच म्हणाला.

"नको बोलवूदेत," सहदेवांनी शाल त्याच्या मांडीवर टाकली. "तू नव्या पायान उभो रव. मार्गशीर्षात खेळ लावतंय."